मोठ्यांची सहल

४ फेब्रुवारी

चिरंजीव,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद. सोबत शाळेचं संमतीपत्र आहे. मी फुली मारलीय तिथं सही कर आणि लगेच परत पाठव. माझी सही चालत नाही. हेडमास्तर म्हणतात, मुलीचा बाप आहे तोवर आजीची सही कशी घेऊ? त्यांचं तोंड मी बंद केलं असतं, पण नियम त्यांनी केलेला नाही, म्हणून सोडून दिलं.

तुझ्या मुलीच्या वर्गाची सहल निघाली आहे, विझलेला ज्वालामुखी बघायला. मीही जाणार. शाळेच्या स्वयंपाकघरात मी उभी आहे तोवर पोरांचं जेवण माझ्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही, हे तुला ठाऊक आहे.

भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर डोंगर काढला आणि त्याच्या डोक्यात हा एवढा खड्डा. मी चहा घेऊन गेले होते, विचारलं, "बाई, आणि पेटला तर?" त्या म्हणाल्या, "मावशी, माणूस जन्माला यायच्या आधीच विझलाय तो." मी म्हटलं, "मग जायचं कशाला? विझलेली चूल बघायला कुणी गाडी करून जातं का?" सगळा वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं तुझी मुलगी. हसताना तिला ठसका लागतो, मग ती ठसक्यावर हसते. तुला हे माहीत असायचं काही कारण नाही.

वर्गात सगळ्यात लहान चणीची, म्हणून तिला बुटकी म्हणतात. तिला राग येत नाही. कुणी नाव विचारलं तर आधी बुटकी सांगते, मग खरं. काल तिनं माझ्या ओट्यावर कणकेचा डोंगर केला, त्यात माझा खायचा सोडा सगळा ओतला, वर व्हिनेगर. ओटा, भिंत, माझा चष्मा, सगळं फसफसलं. मी दोन शब्द ऐकवले. मग आम्ही दोघींनी परत एकदा करून बघितलं.

सही कर. फार विचार करू नकोस, तुला ते झेपत नाही.

आई

१६ फेब्रुवारी

चिरंजीव,

पाकिटावर तुझं अक्षर बघितलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं. बुटकीची आई गेली, तू पोरगी माझ्याकडे सोडून त्या शहरात गेलास, तेव्हापासून एक ओळ नाही. मला वाटलं, तुला काहीतरी झालंय, त्याशिवाय तू लिहायचा नाहीस. उघडते तर काय, कठडा!

पानभर कठडा. काठाला कठडा आहे का, किती उंच आहे, पोरं जेवताना काठापासून किती लांब बसणार, घसरलं तर धरणार कोण. अरे, लिफ्टा दुरुस्त करून करून तुला जिथं तिथं खड्डाच दिसायला लागलाय.

आणि ती शेवटची ओळ. "तिला काही झालं तर मी तिला इथं घेऊन येईन आणि वसतिगृहात ठेवीन." ही ओळ मी दुसऱ्यांदा वाचली नाही. एकदा पुरली.

तू कशावरून रुसलायस ते मला कळतं. तुझी बायको गेली त्या दिवशी मी तुला म्हटलं, रडणं आवर, पोरगी सकाळपासून उपाशी आहे. ते तू धरून बसलायस. पोरगी उपाशी होतीच. आजही मी तेच म्हणेन.

तरी तुझं पत्र मी पालकांच्या सभेत वाचून दाखवलं. शेवटची ओळ सोडून. सभेचं काय सांगू! एक आई विचारते, पोरांना उशी द्यायची का सोबत. एक बाप विचारतो, लाव्हा आला तर काय व्यवस्था? आपला ड्रायव्हर मागं उभा होता, तोच तो ढेरपोट्या, पोरं त्याला ढोलकाका म्हणतात. तो म्हणाला, "साहेब, लाव्हा आला तर मी ब्रेक लावणार नाही, एवढी खात्री देतो." बाप सोडून सगळे हसले.

पण तुझं पत्र वाचल्यावर कुणी हसलं नाही. माना डोलावल्या सगळ्यांनी. जेवण वर काठावरच्या बाकांपाशी ठरलं होतं, ते रद्द झालं. काठाच्या आतल्या अंगाला थोडं खाली एक खोलगट जागा आहे, गवताची, आयती बशीच. पडायला जागाच नाही, वारा नाही, कागदी ताटल्या उडणार नाहीत. बाईंनी फोटो दाखवले. सगळ्यांच्या जिवात जीव आला. जेवण तिथं. मिळालं तुझं समाधान?

शिवाय आमच्या हेडमास्तरांची पद्धत आहे, पोरांना नेण्याआधी मोठ्यांनी तीच सहल करायची. तोच रस्ता, तेच जेवण, हजेरीसुद्धा घ्यायची. आम्ही तिला मोठ्यांची सहल म्हणतो. पोरांच्या जागी ड्रायव्हर असतो, तो एकटा सगळ्या वर्गाची हजेरी देतो. प्राणीबागेच्या वेळी तो खरोखर रुसून माकडांपुढं बसला होता आणि हेडमास्तरांना त्याची समजूत काढावी लागली.

तेव्हा आम्ही बघून येऊ. तू सही कर.

आई

२७ फेब्रुवारी

चिरंजीव,

तुझी सही पोचली. बरं झालं.

सहल जरा पुढं ढकलली आहे. ड्रायव्हरला बरं नाही. दुसरं काही नाही.

आम्ही जाऊन आलो. जागा चांगली आहे, मोकळी. स्वच्छ. एक मुंगी नाही, एक माशी नाही. मी अंडी सोलून ठेवली होती, उघडी, तरी एक माशी बसली नाही.

बुटकी बरी आहे. शाळेत जाते, जेवते. हल्ली मी तिला ओट्यावर बसवून जेवायला देते, खाली नाही. माझे गुडघे दुखतात, वाकायला नको. रात्री तिची गादीही खाली घालत नाही, माझ्या खाटेवर घेते. थंडी आहे. लाथा मारते झोपेत, अगदी तुझ्यासारखी.

बाकी काही लिहिण्यासारखं नाही. उत्तराची घाई नाही.

आई

६ मार्च

चिरंजीव,

तर तू हेडमास्तरांना फोन केलास. तुझं पोस्टकार्ड मिळालं. "सगळं कळलं. शनिवारी येतोय. तिचे कपडे भरून ठेव."

सगळं तुला कळलेलं नाही. हेडमास्तरांनी तुला फोनवर जे सांगितलं ते त्यांनी वर शिक्षणखात्याला कळवलं तेच असणार, सभ्य भाषेत. मी तिथं होते. माझ्याकडून ऐक, मग काय ते ठरव.

आम्ही चौघं गेलो. हेडमास्तर, भूगोलाच्या बाई, ड्रायव्हर, मी. हवा अशी की पान हलत नव्हतं. काठावरून सगळं दिसलं, तू म्हणतोस तो कठडा आहे, चांगला छातीएवढा. मग बशीत उतरलो. उतार कसला, चार पावलं. मी म्हटलं, जमिनीला ओल आहे, मी काही बसायची नाही, उठवायला तुम्ही येणार का? हेडमास्तरांची पाठ धरलेली, तेही उभे. बाई हजेरीचा कागद घेऊन उभ्या. सगळे उभ्यानंच जेवलो. मला नाकात जरा झोंबल्यासारखं झालं आणि धाप लागली. वाटलं, चढण. वय झालं.

बाईंनी हजेरी सुरू केली. ड्रायव्हर एकेक आवाज काढत होता. कुणाचा बोबडा, कुणाचा नाकातला. तो जाडा मुलगा आहे ना, दर वेळी "हजर, बाई, आणि भूक लागली," म्हणतो, तो तर हुबेहूब. हेडमास्तरांच्या डोळ्यांतून पाणी. मग बाईंनी आपल्या बुटकीचं नाव घेतलं. ड्रायव्हर बारीक आवाजात म्हणाला, "आजी, जेवण झालं, मला झोप आली." ती म्हणतेच तसं. जेवली की आहे तिथं आडवी होते. आणि तो झाला आडवा. गवतावर, हात डोक्याखाली घेऊन, पाय पोटाशी.

आम्ही हसलो.

बाईंनी पुढची नावं घेतली. तो उत्तर देईना. हेडमास्तर म्हणाले, "बघा, झोपलेलं मूल हजेरीत कसं धरायचं, हा प्रश्न त्यानं बरोबर काढलाय." त्यांनी खिशातून पेन काढून ते लिहूनसुद्धा घेतलं. मी म्हटलं, "ऊठ रे नाटक्या, भांडी कोण उचलणार?" तो घोरला. एकदा, मोठ्यानं. आम्ही परत हसलो. मी केळं खात होते. त्याचं साल त्याच्या ढेरीवर फेकलं. साल तिथंच राहिलं. मी केळं सावकाश संपवलं, पोरा. त्याच्याकडं बघत संपवलं.

मग ते साल हलेना. ढेरीवर पडलेलं साल श्वासाबरोबर वरखाली व्हायला हवं ना? होत होतं, मग एकदम थोडं, मग मला कळेना होतंय की नाही.

"बाई, ह्याचे ओठ बघा," मी म्हटलं. बाई हसत हसतच वाकल्या. खांदा हलवला, गालावर चापट मारली, आणि वाकल्या तशाच गुडघ्यावर बसल्या. मला वाटलं, आता ह्याही! माझ्या तोंडून शिवी निघाली. बाईंना, शिवी! त्यांनी माझ्याकडं मान वळवली आणि डोळे पांढरे. ते नाटक नव्हतं. ते डोळे मी मरेपर्यंत विसरायची नाही.

मी त्यांना मानेपाशी कपडे धरून उचललं. कसं उचललं मला विचारू नकोस. काठावर नेऊन टाकलं, तिथं त्यांनी हवा ओढली आणि ओरडल्या, "वाकू नका! खाली हवा नाही! वाकू नका!"

वाकू नका म्हणे. आणि माणूस खाली पडलेला.

मग श्वास कोंडून मी एक पाय धरला, हेडमास्तरांनी एक. ओढला. केवढा जड! त्याचं डोकं दगडावर आपटत होतं, टक टक, आणि मी थांबत नव्हते. हेडमास्तर रडत होते. "आवरा आणि ओढा," मी म्हटलं. काठावर आणून बाईंनी त्याच्या तोंडात हवा फुंकली, छाती दाबली. कठड्यापाशी असतो तो पहारेकरी धावत आला, त्यानं बंबवाल्यांना बोलावलं. तो म्हणाला, इथं बसायला कुणी उतरतच नाही, सगळे कठड्यापाशी फोटो काढून जातात.

जगला तो. दवाखान्यात आहे. शुद्धीवर आला तेव्हा मी शेजारी होते. त्याची बायको दुसऱ्या बाजूला. डोळे उघडले आणि म्हणाला, "मावशी, सगळी पोरं बसमध्ये चढली का?" त्याला वाटत होतं पोरं खरोखर आली होती. मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मोजलीत?" मी म्हटलं, मोजली. मग मी बाहेर जाऊन जिन्यात बसले.

बाईंनी मला समजावून सांगितलं. डोंगर विझलेला खराच. पेटायचा नाही. पण खोल जमिनीतून एक वायू कुठं कुठं अजून झिरपतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो आपल्या हवेपेक्षा जड. वारा असला तर उडून जातो. नसला की पाण्यासारखा खोलगट जागेत साठतो. मुंगी का नव्हती, माशी का नव्हती, ते तुला आता कळलं असेल. मला ते स्वच्छ वाटलं होतं. मी ते तुला कौतुकानं लिहिलं, सगळं घडून गेल्यावरसुद्धा. काय करू, हात दुसरं काही लिहीना.

बंबवाल्यांकडं मोजायचं यंत्र होतं. पण हेडमास्तरांना विश्वास बसेना, म्हणून त्यांच्यातल्या एकानं तोंडाला नळी लावून, काठीच्या टोकाला मेणबत्ती पेटवून हळूहळू खाली नेली. त्याच्या कमरेपर्यंत जळत होती. मांडीपर्यंत जळत होती. गुडघ्यापाशी गेली विझून. कुणी फुंकली नाही, काही नाही. परत पेटवली, परत तिथंच विझली.

घरी आले. बुटकी खाली बसून बूट काढत होती. मी तिच्याजवळ उभी राहिले आणि बघितलं. तिचं डोकं कुठं येतं माहीत आहे का तुला? माझ्या गुडघ्यापाशी.

आणि ती एकटी नव्हे. अख्खा वर्ग. त्या बशीत मांडी घालून, पुढ्यात ताटली घेऊन. आम्ही मोठे त्यांच्यामध्ये उभे राहून वाढत असतो. आम्हाला काहीही झालं नसतं. थोडी धाप. पहिलं पोर आडवं झालं असतं तेव्हा मी म्हटलं असतं, बघा, दमलं बिचारं. झोपू द्या.

मला आता दिवसा हे दिसतं. वाढताना दिसतं. काल शाळेत पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले, रांगेतली पोरं "मावशी, मावशी" करत होती, मला ऐकू येत होतं पण हात हलेना.

एक गोष्ट राहिली. ती मी सभेनंतर तुला हसत लिहिली होती, मागच्या पत्रात मात्र दडवली, आणि हेडमास्तरांनी तुला सांगितली नसणार, कारण त्यांना सभेत कोण काय बोललं ते आठवतही नाही. जेवण काठावरच्या बाकांवरून बशीत कशामुळं गेलं? तू लिहिलंस, काठापासून लांब. मी ते मोठ्यानं वाचलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाकं वर मोकळ्यावर आहेत, तिथं तो वायू साठत नाही. तिथं काही झालं नसतं.

तुला टोचायला लिहीत नाही. पहिले दोन दिवस तसंच लिहायचं मनात होतं, खोटं कशाला बोलू? तू तिला न्यायला आलास तर हेच तोंडावर मारायचं ठरवलं होतं. पण बापानं विचारलं, कठडा आहे का, यात काय चुकलं? कुणीही तेच विचारलं असतं. मी तर तेवढंही विचारलं नव्हतं. आता तू हे दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं. ऐकून रडू आलं तर रड. ह्या वेळी मी आवर म्हणत नाही.

शनिवारी ये. घर तुझंच आहे.

आई

११ मार्च, शनिवार

चिरंजीव,

हे टेबलावर ठेवून जाते आहे, वर साखरेचा डबा ठेवलाय, म्हणजे उडणार नाही. मी शाळेत आहे. पालकांची सभा आहे, मला थांबावंच लागेल, कारण काय झालं ते सांगणारी मीच उरलेय, हेडमास्तरांना बोलताना रडू येतं आणि बाईंचा आवाज अजून बसलेला आहे.

जेवण झाकून ठेवलंय. गरम करून घे. गॅसची डावी शेगडी पेटते, उजवीला हात लावू नकोस. दुरुस्त करायची असेल तर कर, तुझं ते कामच आहे.

सहल रद्द करा म्हणून निम्मे पालक अडून बसलेत. बाई म्हणतात, न्यायची, पण फक्त वर काठावर, बाकांपाशी, वारा असेल त्याच दिवशी, आणि बंबवाल्यांचा माणूस यंत्र घेऊन सोबत. बशीकडे जायची वाट पहारेकऱ्यानं तारेनं बंद केलीय. हेडमास्तरांना भीती वाटते. मलाही वाटते. मला भीती वाटते असं मी लिहिलंय, बघून घे, परत लिहायची नाही. पण बुटकी माझ्याशी बोलत नाही. म्हणते, "तू बघून आलीस आणि मला मात्र नाही!" तिला आम्ही सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, "मग ढोलकाका माझा आवाज काढत होता का?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून रोज त्याला बघायला दवाखान्यात जाते आणि त्याला तिचा आवाज परत काढून दाखवायला लावते. त्याला अजून नीट जमत नाही. ती म्हणते, चुकलं, परत.

मंगळवारी मोठ्यांची सहल परत आहे. ह्या वेळी पोरं जिथं जिथं बसणार तिथं आधी यंत्र, मग प्रत्येकानं आडवं पडायचं. माणूस कमी आहे. ड्रायव्हर नाही. तू मंगळवारपर्यंत राहिलास तर एक जागा तुला देते. जिथं तुझी मुलगी बसणार तिथं तू पड, नाक जमिनीला लावून, आणि मग सांग जायचं की नाही. तू नाही म्हणालास तर नाही. मी एक शब्द बोलणार नाही.

ती शाळा सुटल्यावर शेजारच्या शिंप्याच्या मुलीबरोबर येईल. तू येणार हे तिला सांगितलेलं नाही. तू आला नसतास तर? तुला एकदम ओळखणार नाही, मनाला लावून घेऊ नकोस. तिच्याकडच्या फोटोत तुला मिशी आहे. उचलून घेऊ नकोस, तिला उचललेलं चालत नाही. खाली बस, म्हणजे तीच जवळ येते.

दाराशी निळी बॅग दिसेल, ती सहलीची आहे. तिनं स्वतः भरलीय, ती उघडू नकोस. कपड्यांची बॅग मी भरलेली नाही. तुझं कार्ड आलं तेव्हा भरायला घेतली होती. एक फ्रॉक घडी घातला आणि परत कपाटात ठेवला. आयुष्यभर मी कामाला नाही म्हटलेलं नाही, पण हे मला जमत नाही. न्यायचीच असेल तर तिला विचार, आणि तू भर. कपाट उघडंच आहे.

मात्र मी यायच्या आत भर.

आई